फ्रान्सच्या शाळेत पाच पदार्थांचं ताट, आपल्याकडे तीन कोर्सचा जीआर. पण धर्माबादच्या पोरांच्या ताटात नेमकं काय पडतं?

एक रील तुम्हीही कधी ना कधी बघितलं असेल. फ्रान्समधली शाळा, पाच-सहा वर्षांची पोरं गोल टेबलाभोवती बसलेली. आधी काकडी-गाजराचं सॅलड येतं, मग मासा आणि त्यासोबत भाजी, मग चीजचा तुकडा, शेवटी फळ. पोरं काटा-चमच्याने निवांत जेवतायत, कुणाला घाई नाही.

खाली मराठीतल्या कमेंट ठरलेल्या असतात. "आणि आमच्या पोरांना खिचडी!" दुसरा लिहितो, "तिकडं शाळेत हॉटेल, इकडं शाळेत रेशन."

आता गंमत अशी की, महाराष्ट्र सरकारनेही जून २०२४ मध्ये शाळेतल्या जेवणासाठी चक्क 'थ्री कोर्स मील'चा आदेश काढला होता. म्हणजे कागदावर बघितलं तर नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादच्या जिल्हा परिषद शाळेतलं पोरगं आणि पॅरिसचं पोरगं दोघंही 'कोर्स'ने जेवणार होते. मग पुढं झालं काय? आणि फ्रान्सवाले असं वेगळं काय करतात? जरा सविस्तर बघू.

फ्रेंच माणूस जेवतो कसा?

फ्रान्समध्ये जेवण हा कार्यक्रम असतो. पदार्थ एकदम ताटात येत नाहीत, एकामागून एक येतात. सुरुवातीच्या हलक्या पदार्थाला 'आँत्रे' म्हणतात, मुख्य पदार्थाला 'प्ला', मग चीज म्हणजे 'फ्रोमाज' आणि शेवटी गोड किंवा फळ, म्हणजे 'देसेर'. सगळे बसल्याशिवाय सुरुवात करायची नाही आणि सुरुवात करताना 'बॉन आपेती' म्हणायचं. आपण पंगतीत 'सावकाश होऊ द्या' म्हणतो ना, त्यातलाच प्रकार.

या पद्धतीला २०१० मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. नीट बघा, वारसा म्हणून एखादा पदार्थ नोंदवला नाही. एकत्र बसून, ठरलेल्या क्रमाने जेवण्याची रीत नोंदवली.

दुसरी गोष्ट वेळेची. दुपारचं जेवण दुपारीच, रात्रीचं रात्रीच. मधल्या वेळेत येता-जाता तोंड चालवणं तिकडं बरं समजत नाहीत. लहान मुलांना मात्र शाळा सुटल्यावर साडेचारच्या सुमाराला थोडं खायला मिळतं, त्याला 'गूते' म्हणतात. आपल्या चार वाजताच्या चहा-बिस्किटाचा तो फ्रेंच भाऊ.

कामगार कायद्यातही याची झलक आहे. कामाच्या जागेवर बसून डबा खायला तिकडं कायद्यानेच मनाई होती. कोरोनाच्या काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, हा नियम तात्पुरता बाजूला ठेवावा लागला तेव्हा जगाला कळलं की असाही एक कायदा असतो.

शाळेच्या जेवणाचे नियम कोण ठरवतं?

फ्रान्समध्ये शाळेच्या खानावळीला 'कांतीन' म्हणतात. प्राथमिक शाळेची कांतीन तिथली नगरपालिका किंवा ग्रामपंचायत चालवते. जेवणात काय असावं याचा साचा मात्र देशाचं सरकार ठरवतं. सध्याचे नियम सप्टेंबर २०११ चे आहेत.

या नियमांप्रमाणे दुपारच्या जेवणात चार किंवा पाच गोष्टी असायला लागतात. मुख्य पदार्थ, त्यासोबत भाजी किंवा धान्य, दुधाचा एखादा पदार्थ, आणि सुरुवातीचा पदार्थ किंवा शेवटचं गोड यातलं एक किंवा दोन्ही.

तपासणी एका दिवसाच्या मेनूवर होत नाही, सलग वीस जेवणांचा हिशोब धरतात. या वीसमध्ये तळलेले पदार्थ जास्तीत जास्त चार वेळा चालतील. मासे किमान चार वेळा हवेत. शेवटी ताजं फळ किमान आठ वेळा हवं. पाणी आणि पाव हवा तेवढा घ्या, पण मीठ, केचप आणि मेयोनीज टेबलावर मोकळं ठेवायचं नाही.

शाळेच्या आवारात चॉकलेट आणि कोल्ड्रिंक टाकणारी यंत्रं असायची. ती २००५ पासून कायद्याने बंद झाली. आपल्याकडे शाळेच्या फाटकाबाहेर पाच रुपयाचे पुडे लटकत असतात, ते आठवून बघा म्हणजे फरक लक्षात येईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. दुपारची सुट्टी किमान दीड तासाची असते. त्यातला किमान अर्धा तास पोरगं प्रत्यक्ष जेवायला बसलेलं असावं अशी अपेक्षा असते.

तिकडचं सगळंच रीलसारखं गोड आहे असंही नाही. बऱ्याच शाळांत आता ट्रे घेऊन रांगेत उभं राहावं लागतं. हॉलमधल्या गोंगाटाची तक्रार कायम असते. मोठ्या कंपन्यांना ठेका दिला की चव बिघडते, अशी ओरड तिथले पालकही करतात. गंमत म्हणजे, १९५६ पर्यंत तिथल्या शाळांत लहान मुलांच्या पाण्यात वाइन मिसळलेली चालायची. त्या वर्षी चौदा वर्षांखालच्यांसाठी शाळेत दारू बंद झाली. म्हणजे आजची शिस्त काही अनादी काळापासूनची नाही, ती बसवावी लागली.

पैसे कोण देतं?

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. फ्रान्समधलं शाळेचं जेवण सगळ्यांना फुकट नाही. बहुतेक ठिकाणी पालकांच्या कमाईनुसार दर लागतो. पॅरिसमध्ये सर्वात गरीब कुटुंबाला एका जेवणाचे १३ सेंट पडतात, तर सर्वात वरच्या गटाला ७ युरो. पण टेबल एकच आणि ताटही एकच. कोण किती भरतो हे पोरांना कळत नाही. छोट्या गावांतल्या गरीब मुलांना एका युरोत जेवण मिळावं म्हणून २०१९ पासून केंद्र सरकार ग्रामपंचायतींना मदत देतं.

आपल्याकडे पहिली ते आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत जेवण पूर्ण मोफत आहे. या बाबतीत आपण फ्रान्सच्या पुढं आहोत, हे कमेंटमध्ये कुणी लिहीत नाही.

भारतातल्या शाळेच्या जेवणात फ्रेंच पण आहेत!

शाळेत जेवण देण्याची कल्पना आपल्याकडे १९९५ ला आली असं बरेच जण समजतात. तसं नाही. मद्रास महापालिकेने १९२० च्या सुमाराला आपल्या शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं होतं. आणि १९३० मध्ये पुदुच्चेरीत शाळकरी मुलांसाठी दुपारचं जेवण सुरू झालं, ते कुणी केलं? फ्रेंच प्रशासनाने. तेव्हा पुदुच्चेरी फ्रेंचांच्या ताब्यात होतं.

पुढं तामिळनाडूत कामराज यांनी १९५६ मध्ये ही योजना मोठी केली आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये आणखी वाढवली. देशपातळीवर ती आली १५ ऑगस्ट १९९५ ला. पण महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत जेवण शिजतच नव्हतं. महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा, तोही ८० टक्के हजेरी असेल तर. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या मराठवाड्यातल्या अनेकांना शाळेतून पिशवीत तांदूळ घरी नेल्याचं आठवत असेल. तो तांदूळ सगळ्या घराच्या हंड्यात जायचा. त्यातला पोराच्या वाट्याला किती यायचा, कुणी मोजलं नाही.

चित्र बदललं ते सर्वोच्च न्यायालयामुळं. भुकेच्या प्रश्नावर 'पीयूसीएल' या संघटनेने याचिका केली होती. त्यात २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने सांगितलं की कोरडं धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या. वर्षातले किमान २०० दिवस, किमान ३०० कॅलरी. त्यानंतर महाराष्ट्रातल्या शाळांत चूल पेटली आणि खिचडी आली.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा कायदेशीर हक्क झालं. २०२१ मध्ये योजनेचं नाव 'पीएम पोषण' झालं. गावात मात्र आजही तिला 'खिचडी'च म्हणतात.

ग्रॅममध्ये मोजलेलं ताट

फ्रान्सचा नियम पदार्थांत बोलतो, आपला नियम ग्रॅममध्ये बोलतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. म्हणजे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं.

तांदूळ केंद्राकडून मोफत येतो. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यासाठी मे २०२५ पासून एका मुलामागं दिवसाला पहिली ते पाचवीला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे धरले जातात. एक अंडं किरकोळीत सहा-सात रुपयांच्या घरात जातं, आता तुम्हीच हिशोब घाला.

शिजवणाऱ्या ताईंचा हिशोब तर विचारूच नका. २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, १०० पर्यंत दोन, असा नियम. केंद्राने २००९ मध्ये त्यांचं मानधन महिन्याला १००० रुपये ठरवलं आणि तेही वर्षातले दहा महिने. राज्याने नंतर त्यात भर घातली, पण केंद्राच्या हिशोबातला आकडा तिथंच थांबला. फ्रान्समध्ये कांतीनच्या आचाऱ्याचे व्हिडिओ व्हायरल होतात. आपल्याकडे शंभर पोरांचं जेवण रोज उतरवणाऱ्या बाईचं नावही बऱ्याच पालकांना माहीत नसतं.

मग आला 'थ्री कोर्स'

रोज तीच खिचडी खाऊन पोरं कंटाळतात, ताटात टाकतात, ही तक्रार जुनी होती. म्हणून ११ जून २०२४ ला राज्य सरकारने नवा आदेश काढला. १५ पाककृती ठरवल्या. त्यात मसालेभात, मटार पुलाव, मूगडाळ खिचडी, चवळी खिचडी, सोयाबीन पुलाव, मूग-शेवगा वरण आणि भात, मटकीची उसळ, अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणीचं सत्व असे पदार्थ होते. ताटाचे भाग तीन. एक, भाताचा मुख्य पदार्थ. दोन, मोड आलेलं कडधान्य. तीन, काहीतरी गोड.

त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक दिवस अंडं, आणि न खाणाऱ्याला केळं किंवा स्थानिक फळ, असाही निर्णय झाला होता.

कल्पना वाईट नव्हती. शेवग्याचं वरण आणि मोडाची मटकी हे काही परदेशी पदार्थ नाहीत, आपल्याच घरातले आहेत. पण मोड आणायचे तर आदल्या दिवसापासून भिजवणं आलं, फडक्यात बांधणं आलं. तीन पदार्थ शिजवायचे तर भांडी तिप्पट, गॅस जास्त, हात जास्त लागणार. पोरांना जेवायला मात्र तीच अर्ध्या-पाऊण तासाची मधली सुट्टी.

शेवटी जानेवारी २०२५ मध्ये सरकारने सांगितलं की अंडी आणि साखर यांच्यासाठी वेगळे पैसे मिळणार नाहीत. द्यायचं असेल तर शाळेने लोकसहभागातून जमवावं. म्हणजे तिसऱ्या कोर्सचा गोडवा वर्गणीवर गेला. ज्या गावात दानशूर माणूस आहे तिथं खीर, जिथं नाही तिथं नुसता भात.

धर्माबादला हा फरक जास्त का जाणवतो?

धर्माबाद म्हणजे महाराष्ट्राचं टोक. लाल मिरचीची बाजारपेठ म्हणून गावाचं नाव. रेल्वेने निजामाबादकडं निघालात की पुढचं स्टेशन बासर, ते तेलंगणात. एके काळी हे सगळं एकाच निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. १९५६ मध्ये भाषेप्रमाणे राज्यं झाली आणि मधून रेघ गेली. सोयरिकी, बाजार आणि भाषा आजही रेघेच्या दोन्ही बाजूंना आहेत.

त्यामुळं इथल्या माणसाला तुलनेसाठी फ्रान्सपर्यंत जायची गरजच नाही. रेघेपलीकडं तेलंगणात सरकारी शाळेचं दुपारचं जेवण नववी-दहावीलाही मिळतं, त्याचा खर्च राज्य उचलतं. २०१५ पासून तिथं शाळांना बारीक तांदूळ देतात. अंडंही योजनेतच आहे, वर्गणीवर नाही. आपल्याकडे आठवी संपली की जेवण संपलं. ज्या वयात पोरं झपाट्याने वाढतात, पोरींना रक्त कमी असल्याचं निघतं, नेमकं त्याच वयात ताट बंद. २०१८ मध्ये धर्माबाद तालुक्यातल्या काही गावांनी 'आम्हाला तेलंगणात जाऊ द्या' अशी मागणी केली होती, ती अशाच योजनांच्या तुलनेतून.

दुसरी गोष्ट ताटातल्या धान्याची. मराठवाड्याचं रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडी किंवा मेथीची भाजी, ठेचा. नांदेड-लातूरची शेती म्हणजे सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी. लातूरची तूरडाळ देशभर जाते. पण शाळेच्या ताटात मुख्य धान्य तांदूळ, कारण केंद्राच्या गोदामातून तो येतो. फ्रेंच पोराला शाळेत त्याच्या घरच्यासारखंच जेवण मिळतं, घरचीच रीत शाळेत पक्की होते. मराठवाड्यातल्या पोराची घरची भाकरी आणि शाळेचा भात यांची गाठ पडत नाही.

आणि तिसरी गोष्ट दुष्काळाची. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आठवत असेल. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागातल्या शाळांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण सुरू ठेवायला सांगितलं. शाळा बंद, पण चूल चालू. आई-बाप कामासाठी बाहेरगावी आणि पोरगं आजीजवळ, अशा घरात शाळेचं ताट हेच दिवसातलं भरवशाचं जेवण असतं. रीलच्या खाली 'रेशन' म्हणून हसणं सोपं आहे, पण त्या घरात ते हसण्यासारखं नसतं.

ताटावरची भांडणं तिकडं पण आहेत

अंड्यावरून आपल्याकडे वाद झाला, तसे वाद फ्रान्समध्येही होतात. तिथं विषय डुकराच्या मांसाचा. शालों-स्यूर-सोन नावाच्या शहराच्या महापौराने २०१५ मध्ये डुकराचं मांस न खाणाऱ्या मुलांचा पर्यायी पदार्थ बंद केला. प्रकरण कोर्टात गेलं. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की पर्याय द्यायची सक्ती नाही, पण द्यायला मनाईही नाही. २०२१ मध्ये लिऑन शहराने कोरोनाचं कारण देऊन काही काळ शाळेत बिनमांसाचं एकच जेवण ठेवलं, तर मंत्र्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे तुटून पडले. दुसरीकडं २०१८ च्या कायद्याने आठवड्यातून एक जेवण शाकाहारी असावं हे शाळांना लागू केलं.

म्हणजे मुलांच्या ताटात मोठ्यांचं राजकारण सांडतं, ते दोन्हीकडं सारखंच. फरक एवढा की तिकडं भांडण मांस कोणतं यावर होतं, आपल्याकडं अंड्याचे पैसे कुणी द्यायचे यावर येऊन थांबतं.

मग आपण घ्यायचं काय?

चीज आणि काटा-चमचा घ्यायची गरज नाही. क्रमाने वाढण्याची रीत आपल्याकडेही आहे. ताटात मीठ-चटणी-कोशिंबीर डावीकडं, भाजी उजवीकडं, आधी वरणभात, शेवटी ताक. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय हात लावायचा नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जाऊन बघा, लहान-मोठा, गरीब-श्रीमंत एका पंगतीत बसतो आणि वाढणारा कुणाला नाव-गाव विचारत नाही. फ्रान्सने जे नियमात लिहिलं, ते आपल्या पंगतीत होतं. शाळेत मात्र पोरगं ताट घेऊन रांगेत उभं राहतं आणि बसायला जागा मिळेल तिथं उरकून घेतं.

पोरांना ओळीत बसवणं, आधी हात धुणं, वाढून होईपर्यंत थांबणं, शिक्षकाने सोबत बसून जेवणं आणि घाई न करता जेवायला वेळ देणं, याला सरकारी निधी लागत नाही. अंडं, साखर, गॅस आणि मानधन याला मात्र लागतो. तो गावाच्या दानावर ढकलून 'थ्री कोर्स' होत नाही.

पालक म्हणून तुमच्या हातात काय आहे, तेही माहीत असू द्या.

एक, शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि जेवणावर लक्ष ठेवणं हे त्यांचंच काम आहे.

दोन, मुलांना वाढण्याआधी जेवण मोठ्या माणसाने चाखून बघायचं असतं. बिहारच्या छपरा भागात जुलै २०१३ मध्ये शाळेतल्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुलं गेली, त्यानंतर या नियमावर फार जोर दिला गेला. पालकही जाऊन चाखू शकतात.

तीन, शाळेच्या दिवशी जेवण मिळालंच नाही, तर २०१५ च्या नियमांप्रमाणे मुलाला त्या बदल्यात अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं.

चार, वाढदिवस किंवा सणाच्या निमित्ताने शाळेत तिथीभोजन देता येतं. हॉटेलात केक कापण्यापेक्षा त्या दिवशी वर्गाला अंडं नाहीतर फळ दिलं तर ते पोरांच्या जास्त लक्षात राहील. मात्र हे वरचं असावं, रोजच्या हक्काच्या बदल्यात नको.

पुढच्या वेळी ते फ्रान्सचं रील समोर आलं, तर कमेंट टाकायच्या आधी एकदा दुपारी आपल्या गावातल्या शाळेत चक्कर मारा. आज काय शिजलंय ते बघा, एक घास खा, आणि शिजवणाऱ्या ताईंचं नाव विचारून या.